शेठ, गादीवर बसा

१५ ऑगस्ट, दुपारी १२

आज माझा जाहीर अपमान झाला. तारीख मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे लोक विचारतील की लेफ्टनंट अमन यांना सैन्यात जायची प्रेरणा कुठून मिळाली.

प्रेरणा: गाढेकर सर, पीटी.

परेड चालू होती. बारावीची तुकडी, मी तिसऱ्या रांगेत. माझी स्टेप एकदम करेक्ट होती. मागे संघपाल पाय घासत चालत होता, त्याच्यामुळे फक्त दोन-चारदा चुकली. सर माईकवरून, सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं म्हणाले, "ओ शेठ, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं. आपण घरी जाऊन गादीवर बसा."

सगळे हसले. पाहुणे पण हसले. आख्ख्या कॉलेजात शेठचा मुलगा मी एकटा. भोकरदनच्या मेन रोडला आमचं कापड दुकान आहे आणि पप्पा, म्हणजे सोहनलाल शेठ, रोज गादीवर बसतात हे तालुक्याला माहीत आहे. बाण कोणाला होता ते सांगायला नको.

मी ताठ मानेने रांगेतून निघालो. मागे वळून बघितलं नाही. झेंड्याला मात्र सॅल्यूट केला, त्याची काही चूक नव्हती.

अर्ध्या रस्त्यात संघपाल मागून आला, बूट हातात घेऊन. म्हणाला, "तू कामून आला रे?" खवचट. मी चाल वाढवली.

निर्णय: एनडीए. बारावीनंतर खडकवासला, मग डेहराडून, मग युनिफॉर्मवर याच ग्राउंडवर यायचं. गाढेकर सर सॅल्यूट ठोकतील. मी बघून न बघितल्यासारखं करणार.

१६ ऑगस्ट

अलार्म ४.३० चा. उठलो ७.४० ला. अलार्म वाजलाच नाही. कनिका म्हणते वाजला, आणि मी त्याला "विश्राम" अशी ऑर्डर देऊन परत झोपलो. कनिका माझी धाकटी बहीण, नववीत आहे. हिच्याकडेही पुढे बघून घेईन.

उद्यापासून नक्की.

१७ ऑगस्ट

रविवार. सैन्यातही सुट्टी असते.

१९ ऑगस्ट

पप्पांना सांगितलं. ते शर्टिंगचं ठाण गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. मग म्हणाले, "एकदा दे परीक्षा. झाला पास तर मी स्वतः सोडायला येतो खडकवासल्याला. न्हाई झाला तर जूनपासून बीकॉम आन दुकान. मंग कुरकुर बिलकुल चालणार न्हाई." मम्मीने विचारलं की तिकडे जेवणात कांदा-लसूण असतो का. मी म्हणालो, तिकडे देश असतो. मम्मी म्हणाली ते ठीक आहे, पण कांदा-लसूण असतो का.

डील मंजूर. एकच चान्स. एप्रिलची परीक्षा. नाहीतर जन्मभर गादी, म्हणजे सरांचं म्हणणं खरं ठरणार. ते मी होऊ देणार नाही. मेलो तरी गादीवर बसणार नाही.

२५ ऑगस्ट

पर्युषण चालू आहे. मम्मी म्हणाली एक तरी उपवास कर. केला. सियाचीनमध्ये बर्फात दिवस-दिवस उपाशी राहावं लागतं, त्याची प्रॅक्टिस.

सकाळी अकरापर्यंत मनोबल उत्तम. दुपारी तांत्रिक कारणाने थोडं फरसाण. उपवास मोडला असं मी म्हणणार नाही. माघार घेतली. माघार हीसुद्धा युद्धातली एक चाल असते. मम्मीला कळवलेलं नाही, सैन्यात गुप्तता पाळावी लागते.

८ सप्टेंबर, सकाळी

ग्राउंडवर गेलो. प्रत्यक्ष. भरतीची पोरं पळत होती. अग्निवीर, पोलीस वगैरे. यांना पुढे मीच ऑर्डरी देणार, म्हणून जास्त बोललो नाही. दुसऱ्या राउंडला कुत्रं मागे लागलं आणि माझा आजवरचा बेस्ट टायमिंग लागला. पण कनिका स्टॉपवॉच सोडून रील बघत होती. पुरावा गेला.

गाढेकर सर शिट्टी घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोर थांबून थंड, एकटक नजरेने बघितलं. बराच वेळ. त्यांना कळायला पाहिजे की आग लागलेली आहे. सर म्हणाले, "काय झालं रे बाळा, डोळ्यात कचरा गेला का? नळावर धुऊन घे बरं."

अपमान नंबर दोन. आणि नाव माहीत असून "बाळा" म्हणणं हा तिसरा.

प्लॅनमध्ये सुधारणा. आता नुसत्या सॅल्यूटवर भागणार नाही. सरांना उन्हात सावधानमध्ये उभं करायचं. मी सावलीत उसाचा रस पिणार. बर्फ टाकून.

२ ऑक्टोबर

धक्कादायक माहिती. एनडीएच्या लेखी परीक्षेत पळायला लावत नाहीत. आधी अडीच तास मॅथ्सचा पेपर असतो. यूट्यूबवरच्या मेजरसाहेबांचे आठ व्हिडिओ बघितले, त्यात मिशी, चाल, हस्तांदोलन सगळं होतं. मॅथ्सचं त्यांनी नवव्यात काढलं.

आजपासून रोज चार तास मॅथ्स.

३ ऑक्टोबर

पुस्तकाला कव्हर घातलं. खाकी.

९ ऑक्टोबर

संघपाल पण एनडीए देतोय. आज वर्गात कळलं. हा केदारखेड्याहून एसटीने येतो, मागच्या बाकावर बसतो, कधी काही बोलत नाही, आणि आता थेट एनडीए. सरळ आहे, माझी आयडिया चोरली. त्या दिवशी माझ्या मागे-मागे आला तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

वरून मला मॅथ्सच्या नोट्स देऊ केल्या. म्हणाला, "घे, मी दोनदा उतरवून काढल्या. तुला त्रिकोणमितीत अडचण व्हते ना?" माझ्या अडचणींवर हा पाळत ठेवतो. नोट्स घेतल्या, पण उघडणार नाही. शत्रूच्या कागदात चुकीची सूत्रं पेरलेली असू शकतात.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. अभ्यास बंद, जबरदस्तीने दुकानात. मी फक्त उभा राहणार, बसणार नाही असं पप्पांना स्पष्ट सांगितलं. पप्पा म्हणाले गिऱ्हाईक उभ्या माणसाकडूनपण घेतं.

जाफराबादकडच्या एक उषाबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. आईला हिरवा शालू पाहिजे, मुलीला नाही पाहिजे. दोघी दीड तास भांडल्या, पप्पा थकले. मी नुसतं म्हणालो की मावशी, हिरवा तुम्ही घ्या, तुम्हाला उठून दिसतो, ताईला जांभळा दाखवतो, त्याला काठ हिरवाच आहे. दोघींनी दोन्ही घेतले आणि हसत गेल्या. पप्पा माझ्याकडे असे बघत होते की मला भीती वाटली. लगेच मागे जाऊन वीस पुशअप मारले. बारा.

हा योगायोग होता. माझ्यात तसलं काही नाही.

११ डिसेंबर

फॉर्म निघाला. संघपालच्या आधी भरायचा हे ठरलेलंच होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलो तर हा समोर हजर. म्हणे सायबर कॅफेत गर्दी आहे, माझापण भरशील का.

आधी माझा भरला. सुसाट. परीक्षेचं सेंटर निवडायची भली मोठी यादी येते. लोक तिथे तासभर घालवतात. मी डायरेक्ट S वर गेलो, Samb दिसलं, दाबलं. पुढे. संघपालचाही तसाच. तो मागून म्हणाला, "संभाजीनगरच हाय ना ते? एकदा पूर्ण वाच ना." मी म्हणालो, मला वाचता येतं. ऑफिसर माणसाला निर्णय सेकंदात घ्यावे लागतात.

माझा नंबर त्याच्या आधीचा लागला. पहिला विजय.

२६ जानेवारी

परेडला मुद्दाम गेलो नाही. सरांना माझी उणीव भासली पाहिजे.

कनिका जाऊन आली. म्हणाली संघपाल परेडच्या पुढे होता, झेंडा घेऊन. नवे बूट होते. मी विचारलं, सर माझ्याबद्दल काही बोलले का. म्हणाली, न्हाई. साहजिक आहे. आतून हलले असतील, म्हणून विषय टाळला.

प्लॅन: उसाचा रस पिऊन झाल्यावर ग्लास सरांच्या हातात द्यायचा.

२० मार्च

बोर्डाची परीक्षा संपली. मॅथ्सचा पेपर सोपा होता, मीच अवघड पद्धतीने सोडवला. आता एनडीएला पूर्ण तीन आठवडे. संघपालच्या नोट्स अखेर उघडल्या. शत्रूचा अभ्यास करायला. सूत्रं बरोबर निघाली. ही त्याची चाल असेल तर फारच लांबची चाल आहे.

३० मार्च, सकाळी १०

अॅडमिट कार्ड आलं. सेंटर: Sambalpur, Odisha.

३० मार्च, सकाळी १०.२०

परत बघितलं. तेच.

३० मार्च, दुपारी

आपलं सेंटर त्या यादीत दुसऱ्याच अक्षराखाली होतं म्हणे. ते तिथे लपवून ठेवलं तर माणूस काय करणार. आता बदलता येत नाही. संघपालचंही संबलपूरच.

त्याला सांगायला गेलो. तो स्टँडवर एसटीची वाट बघत होता. मला वाटलं मारेल. मारायला पाहिजे होतं, मी त्याच्या जागी असतो तर सोडलं नसतं, दहा वर्षं डूख धरला असता. त्याने मोबाइलवर नकाशा उघडला आणि म्हणाला, "लई लांब हाय रे. आई घाबरंल. जल्दी तिकीट काढावं लागंल." बस्स. एवढंच. मला त्याचा राग आला. माणसाने निदान शिवी तरी द्यावी.

पप्पांना सांगितलं. ते ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "संबलपूर म्हणजे संबलपुरी साडीचं का रे?" आणि पाच मिनिटांत तिथल्या व्यापाऱ्याचा फोन नंबर काढून दिला. म्हणाले परीक्षा झाल्यावर माल बघून ये.

मी युद्धावर निघालोय आणि हे साड्या सांगतायत.

१० एप्रिल, रेल्वेत

जालन्याहून निघालो. दोन गाड्या बदलायच्या. मम्मीने खाकरे, मेथीचे ठेपले आणि लोणचं इतकं दिलंय की एक प्लाटून जगेल. संघपालच्या आईने, बेबीनंदा मावशींनी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिलीय. चटणीत लसूण. मी एक भाकरी खाल्ली. तीन. युद्धकाळात नियम शिथिल होतात.

संघपाल खिडकीशी मॅथ्स करत होता. मी विचारलं, तुला एनडीए कशाला पाहिजे. तो म्हणाला, एकजण एकदा सगळ्यांसमोर बोलला होता, ते डोक्यातून जात न्हाई. मी म्हणालो, तुझं काय घेऊन बसलास, माझं ऐक. मग माझ्या अपमानाची पूर्ण हकिकत सांगितली. माईक, शेठ, गादी, सगळं. तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. काहीतरी बोलायला गेला, मग थांबला. म्हणाला, "तुला लई लागलं व्हतं का ते?" मी म्हणालो, मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने मान हलवली आणि मला आणखी एक भाकरी दिली.

बहुतेक त्याला माझ्या दुःखापुढे स्वतःचं दुःख किरकोळ वाटलं.

१२ एप्रिल, संध्याकाळी

पेपर झाले. मॅथ्समध्ये सगळे प्रश्न सोडवले. एकही सोडला नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, पण ते भित्र्यांसाठी असतं. जिथे येत नव्हतं तिथे C. सैन्य म्हणजे आक्रमण. संघपालने तर निम्म्याच्या वर थोडे सोडवून पेन खाली ठेवलं म्हणे. गेला बिचारा.

मग साड्या बघायला गेलो. व्यापाऱ्याने आधी गिऱ्हाइकाला दाखवतात तो माल काढला. मी म्हणालो, काका, मागचा काढा. त्याने बघितलं, हसला, आणि मागचा काढला. रंग पक्का आहे का ते ओलं बोट घासून बघितलं, उलट्या बाजूने विणकाम तपासलं. तासभर कसा गेला कळलं नाही. त्याने चहा पाजला. संघपाल गठ्ठ्यावर बसून मला बघत होता, म्हणाला, "तू पेपरात बी असाच बसला व्हता का?"

नाही. पेपरात घाम फुटला होता. पण हे कशाला लिहायचं.

२ मे

येताना आणलेल्या संबलपुरी साड्या संपल्या. लग्नसराई. घनसावंगीहून एक बाई फोन करून आल्या आणि दोन घेऊन गेल्या. पप्पा म्हणतात परत मागवू, तूच फोन कर, तुझी ओळख आहे. केला. फक्त व्यापाऱ्याची विचारपूस म्हणून. वीस साड्या सांगितल्या.

९ मे

रिझल्ट. पीडीएफ. माझा नंबर नाही. पीडीएफ नीट डाऊनलोड झाली नसेल. परत केली.

९ मे, थोड्या वेळाने

परत केली. माझ्या पुढचा नंबर आहे. संघपालचा. माझ्यानंतर लगेच, कारण मी त्याच्या आधी फॉर्म भरला होता. पास झालो असतो तर मी बरोबर त्याच्या वर दिसलो असतो.

९ मे, जेवणानंतर

मम्मीने गट्ट्याची भाजी केली, मला आवडते म्हणून. हे सगळ्यात वाईट. रडलो. लिहून ठेवतोय, पण हे कोणी वाचणार नाही.

सरांचं खरं ठरलं. बसा गादीवर. कुठल्या तोंडाने त्या ग्राउंडवर जायचं? पण बदला सोडलेला नाही. बदल्याला वयाची अट नसते.

११ मे

नवीन प्लॅन. सर कधीतरी कापड घ्यायला येतीलच. पॅन्टपीस. त्यांना आटणारं कापड द्यायचं. पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर.

१२ मे

दुकानात आटणारं कापडच नाही. पप्पा ठेवत नाहीत. हा माणूस मला साधा सूडसुद्धा घेऊ देत नाही.

१६ जून

कॉलेज उघडलं. संघपालचा सत्कार ठेवला. नुसता लेखी पास, मुलाखत अजून बाकी आहे, तरी फाट्यावर बॅनर. सत्काराची शाल आमच्या दुकानातून सांगितली. पप्पा म्हणाले, तूच निवड आणि देऊन ये. संघपालचा फोन आला होता की तू आलाच पाहिजे, म्हणून गेलो. शिवाय ठरवलं होतं की सरांसमोर शेवटचं एकदा उभं राहायचं. या वेळी बोलायचं. तोंडावर. त्या दिवशी तुम्ही माझं आयुष्य बदललं, असं म्हणायचं आणि त्यांना मान खाली घालायला लावायची. वाक्य पाठ केलं होतं.

शाल घेऊन स्टेजच्या कडेला उभा होतो. गाढेकर सर माईकवर आले. म्हणाले, "आज मला सगळ्यांपुढं एक माफी मागायचीय." मनात म्हटलं, अखेर. आपण बोलायच्या आधीच.

सर म्हणाले, "मागच्या पंधरा ऑगस्टला परेडमधी मी या पोराला बोललो व्हतो. पाय ओढीत चालला म्हणून. कोणी आळस करून राह्यला की मी त्याला शेठच म्हणतो, ती माझी सवय हाय. म्हणलो, ओ शेठ, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं, घरी जाऊन गादीवर बसा. आन हा संघपाल गपचूप निघून गेल्ता. नंतर कळलं, त्याच्या बुटाचा तळच निघाल्ता. मला लई वाईट वाटलं. बाळा, मी चुकलो."

आणि त्यांनी सॅल्यूट केला. कडक. संघपालला.

मग टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "त्या दिवशी आणखी एक पोरगं रांगेतून निघून गेल्तं. त्याला तर कोणी काही म्हणलंच नव्हतं. ते कोण व्हतं, कामून गेलं, मला अजून कळलं न्हाई." सगळे हसले. पाहुणे पण हसले.

संघपाल हसला नाही. तो स्टेजवरून माझ्याकडे बघत होता. त्याला रेल्वेतच कळलं होतं. तेव्हाही बोलला नाही, आजही बोलणार नव्हता.

सरांनी माझ्याकडून शाल घेतली. हात फिरवून बघितली, म्हणाले, "वा, पोत भारी हाय. कोणत्या दुकानातली?" पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. मी दुकानाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, एक पॅन्टपीस घ्यायचाय, येतो.

१६ जून, संध्याकाळी

कनिकाने विचारलं, ते दुसरं पोरगं कोण होतं रे. मी म्हणालो, माहीत नाही, असेल कोणीतरी.

वर्षभर ज्या अपमानाचा एवढा राग केला, त्यातला एक थेंबसुद्धा माझा नव्हता. आता राग कोणाचा करायचा ते ठरवावं लागेल. संघपालचा करावा असं खूप वाटतंय, पण त्याने मुलाखतीसाठी शर्टाचं कापड माझ्या पसंतीने घ्यायचं ठरवलंय.

१७ जून

गाढेकर सर आले. चांगलं कापड दिलं. न आटणारं. दोन पॅन्टपीस दाखवले, त्यांनी तीन घेतले. गेल्यावर पप्पा म्हणाले, उभा का आहेस, बस की. पाय दुखत होते, बसलो.